आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘मी ६१ वर्षांची आहे. ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. उजव्या कानात दहा वर्षं मशीन वापरते. डाव्या कानाला मशीनचाही उपयोग होईना, म्हणून चार महिन्यांपूर्वी त्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट करून घेतलं. आमच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी रोज ऑडिओबुक ऐकायला सांगितलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत बंद केलं. पत्र्यावर वाळू सांडावी तसं काहीतरी ऐकू येत होतं, शब्द एकही नाही. मग ज्या पुस्तकाची छापील प्रत घरात होती तेच लावलं आणि हातात पुस्तक धरून ऐकलं, तर बरंच कळलं. खूप आनंद झाला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “आई, हे तर तू वाचतेयस, ऐकत कुठे आहेस?” तेव्हापासून मन उतरलं. ही लबाडीच म्हणायची का? आणि पुस्तकं ऐकून खरंच माणसांचं बोलणं कळायला लागतं, की नुसता वेळ जातो?’

प्रिय ताई,

मुलाचं ते वाक्य मनातून काढून टाका. त्याने ते सहज म्हटलं असेल, पण ते बरोबर नाही. पुस्तक हातात धरून ऐकणं हीच या सरावाची पहिली पायरी आहे आणि ती तुम्हाला कोणी न सांगता सापडली. त्या दिवशी झालेला आनंद खरा होता. तो परत आणायचा आहे.

मोडी लिपी शिकणाऱ्या माणसाची आठवण काढा. भाषा मराठीच, शब्द ओळखीचे, फक्त अक्षरांची वळणं वेगळी. तो काय करतो? मोडी मजकुराशेजारी त्याचं देवनागरी रूप ठेवतो, एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे, आणि हळूहळू देवनागरीकडे जाणारी नजर कमी होत जाते. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. तुमच्या डाव्या कानात आज मराठीच येते आहे, पण अनोळखी लिपीत. हातातलं पुस्तक ही तुमची देवनागरी.

असं का होतं ते थोडं सांगते, कारण कारण कळलं की धीर टिकतो. आपल्या आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, जन्माच्या वेळी सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाची थरथर मज्जातंतूंच्या भाषेत बदलण्याचं काम त्यांचं. एकदा मेल्या की माणसाच्या कानात त्या पुन्हा तयार होत नाहीत. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवणतंतूंना विजेचे हलके संकेत देतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इम्प्लांटमध्ये त्यासाठी साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. हजारो पेशींनी मिळून रंगवलेलं चित्र आता बारा ते बावीस ठिपक्यांत काढायचं. ठिपक्यांवरून चित्र ओळखणं हे मेंदूचं काम, आणि मेंदू ते शिकतो. सुरुवातीला अनेकांना माणसांचे आवाज यंत्रासारखे किंवा किरटे वाटतात, काहींना नुसती टिकटिक ऐकू येते. तुमची पत्र्यावरची वाळू त्यातलीच. चार महिन्यांत ती वाळू आहे म्हणून ऑपरेशन फसलं असं मानू नका. पहिलं वर्षभर बदल होत राहतो, आणि पहिल्या काही महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो.

उलगडा होण्यासाठी शब्द आधी माहीत असणं किती उपयोगी पडतं, हे नीट तपासलं गेलं आहे. चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना मुद्दाम इम्प्लांटसारखं तोडमोड केलेलं बोलणं ऐकवलं, तेव्हा त्यांनाही सुरुवातीला काही कळेना. पण ज्यांना वाक्य काय आहे ते आधी सांगितलं गेलं, त्यांचा कान अशा आवाजाला लवकर सरावला. घरी मुलाला दाखवायचं असेल तर सोपं आहे. एक वाक्य पुस्तक मिटून ऐका. नुसता गलका येईल. मग ते वाक्य वाचा आणि पुन्हा ऐका. गलक्यातून शब्द वर येतात. आता पुस्तक मिटा आणि तिसऱ्यांदा ऐका. शब्द तिथेच असतात, पुन्हा विरघळत नाहीत. त्या तिसऱ्या वेळी तुम्ही वाचत नसता, फक्त ऐकत असता.

इम्प्लांट नसलेल्या, नुसतं मशीन वापरणाऱ्या वाचकांनाही हे लागू आहे. मी त्यांच्यातलीच. अकरा वर्षं दोन्ही कानांत मशीन आहे. आमचं गाऱ्हाणं एकच असतं: आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. ऐकणाऱ्यांना हे कोडं वाटतं. म्हणून मी त्यांना पाच शब्द म्हणून दाखवते: वास, वाट, वात, वाफ, वाघ. प्रत्येकात ‘वा’ भरघोस आहे. तो आमच्यापर्यंत पोचतो, कारण स्वरांचा जोर बहुतेक १००० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खालच्या पट्टीत, असतो आणि तिथलं ऐकणं बऱ्याच जणांचं शाबूत असतं. शब्द कोणता ते ठरवतं शेवटचं व्यंजन, आणि ते क्षणभराचं, हलकं असतं. ‘स’ची सगळी सळसळ तर ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते. वयाबरोबर सर्वांत आधी जातं ते नेमकं हेच उंच पट्टीतलं ऐकणं. ‘साठ’चा ‘स’ गेला की ‘आठ’ उरतात. औषधाच्या मात्रेत किंवा गाडीच्या वेळेत हा फरक केवढा पडतो ते मी सांगायला नको.

म्हणूनच आवाज मोठा करून फारसं हाती लागत नाही. स्वर अंगावर येतात, व्यंजनं त्यांच्यामागे लपूनच राहतात. सरावाला बसताना आवाज शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाइतका ठेवा.

आता पुस्तक कोणतं. तुमच्या आवडीचं, आधी वाचलेलं, शक्यतो असं की ज्याची गोष्ट तोंडपाठ आहे. वाचणारी व्यक्ती एकच हवी, मागे संगीत नको. अनेक नट मिळून नाट्यरूप करतात ती ऑडिओबुकं छान असतात, पण ती पुढच्या वर्षासाठी ठेवा. विकत घेण्याआधी नमुना ऐकता येतो, तो जरूर ऐका आणि पुस्तकापेक्षा आवाज निवडा. काहींना पुरुषाचा खर्जातला आवाज सोपा जातो, काहींना बाईचा. यात बरोबर-चूक काही नाही. छापील प्रत आणि ऑडिओ शब्दाला शब्द जुळतात ना, हे पहिल्या दोन पानांत तपासा. संक्षिप्त आवृत्ती असेल तर ओळ सुटते आणि दोष आपण कानाला देतो. ‘लहान मुलांची पुस्तकं ऐका’ असंही कुणी सुचवेल. वाक्यं छोटी असतात हे खरं, पण जन्मभर वाचत आलेल्या बाईला त्यात गोडी वाटली नाही तर चौथ्या दिवशी सराव बंद पडेल. गोडी महत्त्वाची.

वेग थोडा कमी करायला हरकत नाही. ०.९ किंवा फार तर ०.८. त्याखाली गेलात तर आवाज ताणल्यासारखा, डळमळता होतो आणि व्यंजनांचा उरलासुरला आकारही जातो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमचे दोन कान सारखे नाहीत. उजवा दहा वर्षांचा मुरलेला, डावा चार महिन्यांचा. दोन्ही उघडे ठेवून ऐकलंत तर मेंदू उजव्याचंच ऐकणार आणि डावा बसून राहणार. सरावाच्या रोजच्या वीस मिनिटांपुरता ऑडिओ फक्त डाव्या कानाला द्या. आजकालचे बरेच प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेरून लावायचा, आवाज टिपणारा भाग) ब्लूटूथने फोनला थेट जोडता येतात, काहींना मध्ये एक छोटं उपकरण लागतं. आवाज थेट प्रोसेसरमध्ये गेला की खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर वाटेत येत नाही. जोडणी कशी करायची ते तुमच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंकडून एकदा बसून शिकून घ्या, आणि त्या वेळी उजवं मशीन काढून ठेवावं का तेही त्यांनाच विचारा. बाकीचा दिवसभर, जागेपणी पूर्ण वेळ, दोन्ही कान चालू. हे सरावाइतकंच गरजेचं आहे.

मी स्वतः हा सराव कसा केला ते सांगते. एका बैठकीला एकच पान. आधी ते मनातल्या मनात वाचायचं. मग ऑडिओ लावून ओळीखाली बोट फिरवत ऐकायचं. मग पुस्तक उपडं ठेवायचं आणि तेच पान वाक्यागणिक थांबवत ऐकायचं. प्रत्येक वाक्य ऐकलं की जे ऐकू आलं ते मोठ्याने म्हणायचं, अर्थ लागो न लागो. पुस्तक उलटून ताडून बघायचं आणि निसटलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. शेवटी रेघेवर नजर ठेवून तेच वाक्य पुन्हा. मोठ्याने म्हणणं टाळू नका. मनात म्हटलं की आपण नकळत स्वतःला गुण वाढवून देतो.

या पेन्सिलीच्या रेघांनी मला माझ्या कानाविषयी जेवढं सांगितलं, तेवढं ऑडिओग्रामने, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाने, सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातलं एक वाक्य अजून आठवतं. ‘रात्री उशिरा पाऊस थांबला, तरी तो घराबाहेर पडला नाही.’ मला ऐकू आलं, ‘रात्री उशिरा पाऊ थांबला, तरी तो घराबाहेर पडला.’ त्या दिवशी मी ताडून न बघता तशीच पुढे गेले. पुढच्या पानावर तोच माणूस आपल्याच घरात खिडकीशी उभा! तीन वेळा मागे जाऊन ऐकलं तरी उमगेना. पुस्तक उघडलं तेव्हा वाक्याच्या टोकाला ‘नाही’ बसलेला दिसला.

मग जुन्या रेघा पुन्हा पाहिल्या. अर्ध्याहून जास्त वाक्याच्या शेवटी होत्या. मराठी बोलण्याची ठेवणच अशी आहे. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी, आणि बोलणाऱ्याचा श्वास आणि आवाज उतरतो तोही तिथेच. ‘उद्या येणार’ आणि ‘उद्या येणार नाही’ यांत सगळा अर्थ त्या उतरलेल्या दोन अक्षरांत आहे. ‘होता’ आणि ‘नव्हता’ तसेच. शब्दांना चिकटलेले ‘च’, ‘ही’, ‘स’, ‘त’ हेही बारीक आणि शेवटाला. त्यानंतर मी महिनाभर फक्त वाक्यांची शेपटं ऐकली. बाकीचं वाक्य सुटलं तरी चालेल, पण शेवट पकडायचाच. घरात एवढे घोळ का होतात याचा उलगडा मला त्या महिन्यात झाला. ‘मी सांगितलं होतं की येणार नाही म्हणून’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं होतं! तुमच्या रेघा कदाचित दुसरीकडे पडतील. कुठे पडतात ते दोन आठवड्यांनी पाहा आणि ती पानं पुढच्या मॅपिंगच्या वेळी, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट इम्प्लांटचे संकेत तुमच्या कानाप्रमाणे जुळवतात तेव्हा, सोबत न्या. ‘नीट ऐकू येत नाही’ यापेक्षा ‘स आणि श सतत जातात’ हे सांगणं ऑडिओलॉजिस्टला जास्त उपयोगी पडतं.

वीस मिनिटं, रोज. जास्त नको. ज्यांचे कान धड आहेत त्यांना कल्पना नसते की ऐकणं हे अंगमेहनतीसारखं थकवतं. आम्ही प्रत्येक वाक्यात गाळलेल्या जागा भरत असतो. डोकं जड झालं, चिडचिड व्हायला लागली, की मशीन बंद न करता पुस्तक बंद करा. संध्याकाळी दमल्यावर सरावाला बसू नका, त्या वेळच्या चुका तुमच्या नसतात. तुम्ही पहिल्या दिवशी पाच मिनिटांत थांबलात, ते योग्यच केलंत.

छापील पान कधी सोडायचं? ओळीखालचं बोट मागे पडून कान पुढे जायला लागला की. तोपर्यंत घाई नको. मग आधी ओळखीच्या पुस्तकाचं एखादं प्रकरण न बघता, मग त्याच आवाजातलं नवं पुस्तक, मग दुसरा आवाज. या तिसऱ्या टप्प्यावर मन पुन्हा खट्टू होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. सराव झालेल्या आवाजात आपण तरबेज होतो आणि नव्या आवाजात पुन्हा चाचपडतो. तिथे छापील पान परत हातात घ्यायचं. ते सगळं जमलं की मुद्दाम पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून, फोनच्या स्पीकरवरून ऐका. खरं जग तसंच असतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: पुस्तकं ऐकून माणसांचं बोलणं कळतं का? काही प्रमाणात, हो. पण मी तुम्हाला अवास्तव आशा दाखवणार नाही. ज्या प्रकारचं ऐकण्याचा सराव करावा, त्यात सुधारणा सर्वांत जास्त दिसते, आणि तिथून इतर ठिकाणी ती थोडी पाझरते. ऑडिओबुक हे शांत खोलीत, चांगल्या माइकसमोर, सावकाश वाचलेलं बोलणं आहे. दोघं एकदम बोलत नाहीत, कोणी पाठ फिरवत नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही. आणि चेहरा दिसत नाही. समोरासमोर आपण ओठ बघतो, भुवया बघतो, आणि मेंदू ते कानात मिसळतो. पाहिलेलं ऐकलेल्याला बदलूही शकतं, हे मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा ऑडिओबुक हा कठीण सरावही आहे आणि सोपाही: ओठ नाहीत म्हणून कठीण, गोंगाट नाही म्हणून सोपा. आणि त्याला ‘काय म्हणालात?’ असं विचारता येत नाही, ही सर्वांत मोठी उणीव.

म्हणून आठवड्यातून तीन दिवस पुस्तक माणसाच्या हातात द्या. डी फिलिप्पो आणि स्कॉट या संशोधकांनी १९७८ मध्ये एक साधी पद्धत मांडली होती, ती घरी सहज करता येते. एक जण वाचतो, वाक्याचा तुकडा संपला की थांबतो. ऐकणाऱ्याने तो तुकडा जसाच्या तसा म्हणायचा. चुकला तर वाचणारा तेवढाच भाग पुन्हा वाचतो, ओरडून नाही, थोडं सावकाश. नुसतं ‘हो, कळलं’ चालत नाही, शब्द यायला हवेत. पाच मिनिटांत किती शब्द पार पडले ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. हे काम मी तुमच्या मुलाला देईन. ‘ऐकत कुठे आहेस’ हे ज्याने विचारलं, त्याला समोर बसून कळू दे की एका ओळीमागे आईला किती कष्ट पडतात. शिवाय ज्या आवाजाशी तुम्हाला जन्मभर बोलायचं आहे, तो त्याचा आहे. ऑडिओबुकमधल्या निवेदकाचा आवाज कितीही सुरेख असला तरी तो संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला काही सांगणार नाही.

एक सावधगिरी. सराव चालू असताना एखाद्या दिवशी कमी कळलं तर काळजी नको, झोप आणि थकव्याप्रमाणे ऐकणं वरखाली होतं. पण ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत घसरलं, मग तो कोणताही कान असो, तर ‘बघू चार दिवस’ म्हणत थांबू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा होण्याची शक्यता जास्त. आणि दोन-तीन महिने नेमाने सराव करूनही रेघा तेवढ्याच राहिल्या, तर दोष स्वतःकडे घेऊ नका, मॅपिंग तपासून घ्या.

ध्वनिमुद्रित पुस्तकं १९३० च्या दशकात तयार होऊ लागली ती दृष्टिहीन वाचकांसाठी, तबकड्यांवर. डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांना कानांनी वाचता यावं म्हणून. तीच आज डोळ्यांनी वाचता येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानांना शिकवताहेत. याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर उद्या सकाळी तेच पुस्तक काढा, ज्याने तुम्हाला त्या दिवशी आनंद दिला. पहिलं प्रकरण नको, तुम्हाला सर्वांत आवडतं ते पान उघडा. पेन्सिलीला टोक करून ठेवा. आणि महिन्याभराने मला लिहा, रेघा कुठे पडल्या ते. मी वाट पाहते.